मचाणावरची बैठक

शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस बंदुकीचा बार उडाल्याच्या क्षणापासून रंगात येतो. त्या बाराआधी झाडावर घालवलेले आठदहा तास, अवघडलेली पाठ, सुकलेला घसा, डोळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे आणि ‘आता उतरावे’ म्हणून घटकेघटकेला कुरकुरणारे मन, यांचा हिशोब तो श्रोत्यांपुढे सहसा रुजू करीत नाही. वास्तविक हरणाच्या शिकारीत नेमबाजी हा अखेरचा आणि अत्यल्प भाग. उरलेला सगळा दिवस बसण्याचा. हे सत्य आपल्या वाङ्मयात निःसंकोचपणे बोलून दाखवले ते कालिदासाच्या विदूषकाने. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंताच्या मृगयेपायी झालेले आपले हाल तो सांगतो: भर दुपारी विरळ सावलीतली वणवण, पाला कुजून तुरट झालेले कोमट पाणी, अवेळी पोटात जाणारे भाजलेले मांस, खिळखिळे झालेले सांधे आणि पारध्यांच्या गलबल्याने पहाटेच मोडणारी झोप. प्रेक्षक हसतात खरे, परंतु अरण्यात दिवस काढण्याच्या विद्येचा पहिला धडा त्या तक्रारीत आहे. शरीर नाराज असेल तर मन फार वेळ धीर धरीत नाही.

या विद्येचा विचार करण्यास सौंदडसारखे ठिकाण फार सोयीचे. गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यातील हे गाव चुलबंद नदीच्या खोऱ्यात, मुंबई-कोलकाता महामार्गालगत वसलेले असून गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. उत्तरेस नागझिऱ्याचे आणि दक्षिणेस नवेगावबांधचे अरण्य, मधल्या पट्ट्यात धानाची शेते, बोड्या, तलाव आणि मोह-तेंदू-ऐनाची झाडी, अशी या झाडीपट्टीची रचना असल्यामुळे चितळ, सांबर आणि भेकर हे येथील माणसाचे शेजारीच होत.

हा मुलूख मध्यप्रांतात असताना राखीव जंगलाचे शिकारीसाठी विभाग पाडून त्यांचे परवाने दिले जात, किती जनावरे मारावीत याची मर्यादा परवान्यावर घातली जाई. आणि मालगुजारांच्या खाजगी जंगलात मालगुजाराच्या मर्जीवर बरेच चाले. मालगुजारी १९५१ साली संपली, भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि त्याच भंडाऱ्यातून १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. दरम्यान नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य आणि नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली, आणि परवान्याची जी थोडी वाट त्या कायद्यात शिल्लक होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. २०१३ च्या डिसेंबरात ही अरण्ये, नवे नागझिरा व कोका यांच्यासह, व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाली. आज बंदूक घेऊन हरणाची वाट पाहत बसणे हा थेट तुरुंगाची वाट दाखवणारा गुन्हा आहे.

बंदूक गेली, परंतु मचाण राहिले. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून चोवीस तास प्राण्यांची मोजदाद करण्याची वनखात्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालली. आता गणनेचे काम स्वयंचलित कॅमेरे आणि शास्त्रोक्त सर्वेक्षण यांच्याकडे गेले असले, तरी बुद्धपौर्णिमेचा तो उपक्रम निसर्गानुभव या नावाने टिकून आहे, आणि शहरांतील शेकडो माणसे त्या रात्रीसाठी आगाऊ नाव नोंदवतात. त्यांतले बहुतेक जण वाघाच्या आशेने येतात; मचाणावर त्यांची गाठ पडते ती मात्र स्वतःच्या कंबरेशी.

म्हणून प्रथम बैठकीचा बंदोबस्त. माणूस निश्चल बसला की पोटऱ्यांच्या स्नायूंचे काम थांबते. चालताना हेच स्नायू रक्त वर ढकलीत असतात, ते स्वस्थ राहिले की रक्त पायांत साचू लागते आणि पाय जड होतात. त्यातच फळीची धार मांडीच्या मागच्या बाजूला रुतली तर तेथल्या नसांवर दाब येऊन मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेला पाय झटकण्याच्या एका हालचालीने अर्ध्या दिवसाची तपश्चर्या मातीत जाते. यावर उपाय साधे आहेत. फळीवर जाड घडीची घोंगडी किंवा उशी असावी, तिची घडी मांडीखाली पुढपर्यंत यावी, तळपायांना आधार मिळावा, पाठ खोडाला किंचित मागे रेलून टेकावी. आणि दर काही वेळाने, काहीही अवघडण्यापूर्वीच, पावले घोट्यातून सावकाश फिरवावीत, एक पाय पसरावा, दुसरा आखडावा. दुखू लागल्यावर हलणारा माणूस दचकून हलतो. आधीपासून हलणारा माणूस हलल्याचे कळतही नाही. चढण्यापूर्वी झाडावर लाल मुंग्यांचे घरटे किंवा आसपास आग्या मोहोळ नाही ना, हे पाहावे; बांबूचे जोड एकमेकांवर घासून कुरकुरत असतील तर मध्ये चिंधी घालावी.

दुसरा बंदोबस्त पाण्याचा. येथील वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि ‘वारंवार खाली उतरावे लागेल’ या भीतीने पुष्कळ जण पाणी पिणेच टाळतात. याहून घातक काटकसर नाही. शरीरातले पाणी कमी होऊ लागल्याच्या पहिल्या खुणा म्हणजे डोकेदुखी, चिडचिड आणि लक्ष उडणे. तेव्हा दुपारी दोनच्या सुमारास ‘इथे काही येणार नाही, सगळा वेळेचा अपव्यय आहे’ असा जो वैराग्याचा झटका येतो, तो पुष्कळदा तत्त्वज्ञानातून उत्पन्न झालेला नसून तहानेतून झालेला असतो. घोटघोट पाणी नियमाने घ्यावे, त्यात मीठ-साखरेची किंवा पन्ह्याची जोड द्यावी, आणि देहधर्मासाठी रुंद तोंडाची एक बाटली निमूटपणे सोबत ठेवावी. शिदोरी फडक्यात बांधावी, कारण प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर रानात फार दूर जाते. दशम्या, गूळ, भिजवलेले हरभरे उत्तम. चिवडा चावताना आपलेच कान बंद होतात, आणि केळे नेले तर हरणापूर्वी वानरांची टोळी चौकशीला येते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. गोंदिया म्हणजे तेंदूपानांचा आणि विड्यांचा मुलूख. येथल्या माणसाला दिवसभर विडीवाचून बसणे ही शिक्षा वाटावी. परंतु विडीचा वास हरणाला माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी पोचतो. जुने शिकारी म्हणूनच बारीक राख चिंधीत बांधून नेत आणि चिमूट सोडून वाऱ्याचा कल पाहत. हा कल दिवसभर एक राहत नाही. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की ती वर चढू लागते, आणि सूर्य कलल्यावर पुन्हा खाली उतरते. टेकडीच्या उतारावर, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बसलेल्या माणसाला दुपार निर्वेध जाते. पण नेमकी हरणे पाण्यावर येण्याच्या सांजवेळी त्याचाच गंध खाली ओघळतो. संध्याकाळची बैठक त्यामुळे पाण्याच्या खालच्या अंगाला असावी.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मनुष्य विनाकारण घाबरतो. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्यामुळे तांबडा-नारिंगी त्याला आपल्यासारखा भडक दिसत नाही. उलट डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने फार विस्तृत क्षेत्रातली यत्किंचित हालचाल त्याच्या ध्यानात येते. स्तब्ध बसलेल्या माणसाकडे चितळ पाहते आणि पुन्हा खाली मान घालते; तोच माणूस कानावरची माशी हाकलतो आणि कळप उधळतो.

पाणवठ्यावर चितळांचा कळप येतो तो प्रसंग सावकाश पाहण्यासारखा असतो. प्रथम काठच्या जांभळीवर वानरे दिसतात; ती निवांत पाला तोडीत आहेत, अर्धवट खाऊन खाली टाकीत आहेत, याचा अर्थ वरचा पहारा शांत आहे असा चितळे लावतात, आणि त्या टाकलेल्या पाल्याचाही लाभ घेतात. मग झाडीच्या कडेला एक प्रौढ मादी उभी राहते. पुढे येत नाही, मागेही फिरत नाही. एक पुढचा पाय उचलते, तो हवेतच ठेवते, आणि जमिनीवर आपटते. कोणी दडून बसले असेल तर त्याने या आवाजाने हलावे, अशी जणू ती परीक्षाच. तिच्या मागे पाडसे, तरण्या माद्या, आणि सर्वांच्या शेवटी, डोक्यावरचा भार सांभाळीत, नर. पाण्याला तोंड लावल्यावरही कळपातले एखादे डोके वरच असते. ‘कूक’ असा एक तीक्ष्ण स्वर उमटला की उरलेली सारी तोंडे पाण्याबाहेर येतात. आणि सांबराचा ‘पोंक’ असा घोगरा, मोठा आवाज आला तर जाणता वनरक्षक कुजबुजही थांबवतो, कारण सांबर सहसा उगीच ओरडत नाही.

आता मनाचा प्रश्न. धीर हा काही थोड्या भाग्यवंतांना जन्मतः मिळणारा गुण आहे अशी आपली समजूत आहे. मचाणावरचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. मन कंटाळते ते एकाच गोष्टीची वाट पाहिल्यामुळे. वाघाची वाट पाहणाऱ्याला वाघ न आलेला प्रत्येक क्षण रिकामा वाटतो. ज्याच्या हाती पेन्सिल आणि तक्ता आहे त्याला रिकामा क्षण फारसा सापडतच नाही. जुन्या प्रगणनेच्या कागदावर वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्ले, कोठून आला, कोठे गेला, अशा नोंदी कराव्या लागत. तो रुक्ष सरकारी दस्तऐवज म्हणजे धीराचे एक उत्कृष्ट साधन होते, कारण मोर, रानकोंबडा, मुंगूस, घोरपड, पाण्यावर झेपावणारा स्वर्गीय नर्तक, या सर्वांना त्यात हक्काची जागा मिळे.

याचे थोर उदाहरण गोंदियाच्या उत्तरेस, कान्ह्याच्या जंगलात घडले. जॉर्ज शालर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ पासून १९६५ पर्यंत तेथे राहून चितळ, बाराशिंगा, सांबर आणि त्यांच्यावर जगणारा वाघ यांचे निरीक्षण केले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातही हरणाचा मान वाघाच्या आधी आहे. मराठीत हीच बैठक व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून साधली आणि ‘नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या तेथल्या जाणत्या माणसाच्या संगतीत रान वाचायला शिकले. या मंडळींच्या लेखनात जो निवांतपणा आहे तो शैलीचा अलंकार नसून बसण्याचे फळ आहे.

तथापि या प्रदेशातले बसण्याचे खरे अधिकारी पुरुष पुस्तके लिहीत नाहीत. धान निसवू लागले, हरभरा-लाखोळीचे पीक उभे राहिले की रानालगतचा शेतकरी जागलीला जातो; शेतातल्या माळ्यावर घोंगडी पांघरून, डबा वाजवीत, चितळांना आणि रानडुकरांना हाकलीत तो हिवाळ्याच्या रात्री काढतो. त्याला हरिण दिसले तर आनंद होत नाही, आणि त्याने आनंद मानावा असे सांगण्याचा अधिकार शहरातून आलेल्या पाहुण्याला नाही. पीकनुकसानीची भरपाई सरकारकडून मिळते खरी, परंतु पंचनामा आणि कागदपत्रे यांच्यासाठी आणखी एक वेगळी जागल करावी लागते.

याच रानात धीराचा शत्रूही वावरतो. आजची चोरटी शिकार पुष्कळदा बंदुकीने होत नाही; पायवाटेवर तारेचा फास लावला जातो, किंवा वीजवाहिनीवर आकडा टाकून उघडी तार जमिनीलगत सोडली जाते, आणि शिकारी घरी जाऊन झोपतो. तारेची पाठ दुखत नाही, तिला तहान लागत नाही, आणि म्हणूनच ती काही पाहतही नाही. गाभण मादी, पाडस, वाघ, शेजाऱ्याचा बैल, अंधारात घरी परतणारा माणूस, तिला सर्व सारखेच. परवान्याच्या काळातला शिकारी निर्दोष होता असे मुळीच नाही. त्याने ही अरण्ये पुष्कळ ओसाड केली. परंतु जो स्वतः बसतो त्याला समोर कोण आले आहे हे पाहावे लागते, आणि पाहिल्यावर निवड करावी लागते. आजच्या मचाणावर ती निवड आधीच झालेली असते. उरते ते निर्भेळ पाहणे.

म्हणून बंदूक गेल्याचा खेद करण्याचे कारण नाही. बैठक मात्र टिकवली पाहिजे, आणि ती मोठ्या वैराग्याने टिकत नाही, उशी, पाणी, वाऱ्याची जाण आणि हातातले काम यांच्या जोरावर टिकते. येत्या वैशाखात ज्यांचा क्रमांक लागेल त्यांनी या चार गोष्टींची तजवीज करावी, आणि वाघ दिसलाच पाहिजे ही अट तेवढी फाटकापाशी जमा करून मगच मचाणावर चढावे.