बोली, चित्रकथी आणि गंजिफा : बहुमाध्यम रचना-साधनांची पारख

क्षेत्रीय भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास पूर्वी वही, पेन्सिल आणि ध्वनिमुद्रणयंत्र एवढी सामग्री पुरत असे. आता त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा केली जाते. ज्या गावातून त्याने शब्द आणि गोष्टी गोळा केल्या, त्या गावाला त्या पाहता, ऐकता व खेळता येतील अशा स्वरूपात परत मिळाव्यात, ही ती अपेक्षा होय. ती सर्वथा रास्त आहे. तिच्या पूर्तीसाठी चित्र, ध्वनी, लेखन आणि हालचाल यांची एकत्र गुंफण करणारी जी संगणकीय साधने वापरली जातात, त्यांस प्रस्तुत लेखात ‘रचना-साधने’ असे म्हटले आहे. त्यांची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, एवढाच येथील विवेचनाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मालवणच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून माशांची नावे व त्यांविषयीच्या गजाली मी मुद्रित केल्या आणि त्यांवरून शाळकरी मुलांसाठी एक शब्दखेळ रचला. वापरलेले साधन त्या वेळी लोकप्रिय होते. आज तो खेळ माझ्या कोणत्याही संगणकावर उघडत नाही. मूळ मुद्रण निराळे जपून ठेवण्याची दक्षता मी घेतली नव्हती. खेळात घातलेली संकोचित प्रत तेवढी उरली, आणि तीही त्या न उघडणाऱ्या पेटीत. ती वृद्धा आता हयात नाही. दोष साधनाचा म्हणण्यापेक्षा निवड करणाऱ्याचा, म्हणजे माझा, म्हणणे अधिक योग्य होईल.

१. दोन देशी नमुने

सादरीकरण आणि खेळ हे दोन प्रकार वरवर सारखे दिसले तरी त्यांचे अंतरंग भिन्न आहे. हा भेद समजण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी हा सादरीकरणाचा नमुना होय. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे एका पोथीत असतात. कथेकरी एक एक चित्र प्रेक्षकांसमोर धरून, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने आख्यान गातो आणि सांगतो. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री सन्मान मिळाला. पिंगुळी येथील त्यांच्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात पोथ्या व बाहुल्या पाहावयास मिळतात. येथे चित्रांचा क्रम ठरलेला असतो, पण वेळ ठरलेला नसतो. श्रोते रंगले तर कथेकरी एकाच चित्रावर रेंगाळतो, एरवी पुढे सरकतो. क्रम पोथीचा आणि गती सांगणाऱ्याची, हे सादरीकरणाचे सूत्र होय.

सावंतवाडीची गंजिफा हा खेळाचा नमुना होय. शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात या पानांच्या निर्मितीचे पुनरुज्जीवन केले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने असतात. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का श्रेष्ठ. खेळ दिवसा मांडला तर आरंभाचा मान रामाच्या रंगाला, रात्री मांडला तर कृष्णाच्या. येथे पानांचा क्रम कोणीच ठरवून ठेवलेला नाही. ठरलेले आहेत ते नियम. नियम रचनाकाराचे आणि क्रम खेळाडूचा, हे खेळाचे सूत्र होय.

यावरून पहिला विवेक निष्पन्न होतो. आपणांस पोथी बांधावयाची आहे की गंजिफा मांडावयाची आहे, हे ठरविल्यावाचून साधनाची निवड करू नये.

२. लिपीची कसोटी

साधनाच्या जाहिरातीत ते अनेक भाषांत चालते असे म्हटलेले असते. त्यावर न विसंबता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द त्यात लिहून पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही तशीच. रफार व अर्धा ‘ऱ’ यांतील हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. तो पुसणारे साधन किनाऱ्यावरील बोलीसाठी निरुपयोगी होय. याखेरीज पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे पडते काय, जोडाक्षरे पाय मोडून सुटी तर होत नाहीत ना, आणि ‘ॲ’ हे अक्षर दिसते काय, हेही तपासावे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, जुन्या टंकांत ते आढळेलच असे नाही.

सादरीकरणाची साधने ही कसोटी सामान्यतः पार करतात, कारण अक्षरजुळणीचे काम ती संगणकाच्या मूळ प्रणालीवर सोपवितात. खेळ रचण्याची इंजिने मात्र पुष्कळदा अक्षरे स्वतःच रेखाटतात आणि तेथेच अडखळतात. गोडो या मुक्त इंजिनात देवनागरीची योग्य जुळणी २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून होऊ लागली. तत्पूर्वी अनेकजण शब्दांची चित्रे करून ती खेळात चिकटवीत. असा शब्द डोळ्यांना दिसतो, परंतु शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि कोशात नेता येत नाही. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या मजकुराचीही हीच गत झाली. टंक गेला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात.

३. नादाची कसोटी

लिपी निर्दोष असली तरी ती बोली नव्हे. ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ लेखनात एकच दिसतात. पहिल्यातील ज दंत्य, दुसऱ्यातील तालव्य. मालवणीतील ‘खंय’, ‘थंय’ यांवरील अनुस्वार स्वराचे अनुनासिकत्व दाखवितो, हे पुण्यामुंबईत वाढलेल्या मालवणी कुटुंबातील मुलास केवळ वाचून कळणार नाही. म्हणून आवाज हे येथे अलंकरण नसून मूळ सामग्री आहे.

साधनाने आवाजाशी चित्राचा मेळ दोन प्रकारे घालता येतो. एक, काळरेषेवर : अमुक सेकंदाला अमुक चित्र. दुसरा, संकेतावर : सांगणाऱ्याने खूण करताच पुढील चित्र. पिंगुळीच्या कथेकऱ्याचे मुद्रित सादरीकरण दाखवावयाचे तर पहिला प्रकार योग्य. कथेकरी स्वतः समोर बसून सांगणार असेल तर दुसरा. पहिल्या प्रकारात काळनोंदी हाताने भरण्याऐवजी नेदरलंड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या ‘एलान’ या साधनात त्या आधी कराव्यात. त्यात ध्वनी व टिपणे परस्परांपासून विलग राहतात आणि टिपणांची फाइल साध्या मजकुराप्रमाणे वाचता येते.

४. नियमांची कसोटी

खेळाच्या बाबतीत साधनास स्मरण आहे काय, हा मूलभूत प्रश्न होय. केवळ एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे साधन प्रश्नमंजूषा रचू शकेल; परंतु आता दिवस आहे की रात्र, कोणती पाने पडून गेली, हे लक्षात ठेवू न शकणाऱ्या साधनात गंजिफा मांडता येणार नाही. पॉवरपॉइंट, इंप्रेस यांसारखी साधने या दृष्टीने मर्यादित आहेत. ट्वाइन या २००९ साली आलेल्या मुक्त साधनात चल राशी ठेवता येतात आणि शब्दप्रधान खेळांस ते सोयीचे पडते. २००७ साली प्रकाशित झालेले एम्आय्टीचे स्क्रॅच मुलांनी स्वतः खेळ रचावा यासाठी आहे. पूर्ण गंजिफेसाठी गोडोसारखे इंजिन लागेल, आणि ते शिकण्यास लागणारे महिनेही खर्चात धरावे लागतील.

बोलीच्या अभ्यासकास याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. प्रश्नमंजूषेचा तयार साचा पुष्कळदा एकच उत्तर बरोबर मानतो. सुरमईस ‘इसवण’ म्हणणारा आणि कोळंबीस ‘सुंगट’ म्हणणारा मुलगा अशा खेळात नापास ठरेल. जो शब्द टिकावा म्हणून आपण खेळ रचला, तोच शब्द चुकीचा असल्याचे त्या मुलास खेळ शिकवील. तेव्हा एका वस्तूस अनेक ग्राह्य नावे देता यावीत, आणि प्रत्येक नावाबरोबर ते कोठे ऐकले हे नोंदविता यावे, ही अट साधनास घालणे अवश्य आहे. जेथे साचा हे करू देत नाही, तेथे साचा टाकावा.

५. आयुष्याची कसोटी

ॲपलचे हायपरकार्ड १९८७ साली आले. पत्त्यांचा गठ्ठा ही त्याची मूळ कल्पना. ‘मिस्ट’ हा १९९३ सालचा विख्यात खेळ त्यातच प्रथम रचला गेला. २००४ साली त्याची विक्री थांबली. डायरेक्टर या साधनाची विक्री २०१७ साली बंद झाली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यातील असंख्य शैक्षणिक खेळ नेहमीच्या ब्राउझरांत मुके झाले. युनिटी या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले. परवान्याच्या अटी मध्येच बदलू शकतात, हा बोध मात्र राहिला. हे सारे घडण्यास एका माणसाच्या नोकरीइतकाही काळ लागला नाही. उलट जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा १९०५ साली छापलेला मराठीविषयक सातवा खंड आजही कोणत्याही ग्रंथालयात उघडून वाचता येतो.

म्हणून साधन मृत्यू पावले तर त्यातून काय बाहेर काढता येईल, हे आधीच पाहावे. सादरीकरणाची हल्लीची फाइल ही वस्तुतः एक झिप गाठोडे असते. तिच्या नावाचे शेपूट बदलून ती उघडली की चित्रे व ध्वनी सुटे सापडतात. स्क्रॅचच्या तिसऱ्या आवृत्तीची फाइलही अशीच आहे. ट्वाइनची निर्मिती साध्या एचटीएमएल स्वरूपात असल्यामुळे तीतील मजकूर कोणत्याही लेखन-साधनात वाचता येतो. ज्या साधनाची फाइल त्या साधनाखेरीज कशानेच उघडत नाही, त्यात एकमेव प्रत ठेवणे म्हणजे घर बांधून किल्ली दुसऱ्यास देणे होय.

६. निष्कर्ष

वरील चारही कसोट्यांवर सर्वथा उतरणारे एकच साधन नाही, आणि तसे शोधण्याची आवश्यकताही नाही. सादरीकरणासाठी इंप्रेस वा पॉवरपॉइंट, शब्दखेळासाठी ट्वाइन, मुलांच्या हाती देण्यासाठी स्क्रॅच आणि नियमबद्ध खेळासाठी गोडो, असा विभाग आमच्या विद्यार्थ्यांस मी आज सुचवितो. दहा वर्षांनी ही यादी बदलेल. पुढील पथ्य मात्र बदलू नये.

रचनेस हात घालण्यापूर्वी मूळ ध्वनी असंकोचित स्वरूपात, चित्रे पूर्ण आकारात आणि मजकूर साध्या युनिकोडमध्ये, अशा तीन गोष्टी दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात. प्रत्येकीसोबत बोलणाऱ्याचे गाव, मुद्रणाची तारीख आणि त्याने दिलेली संमती नोंदवावी. ती संमती अभ्यासापुरती आहे की खेळात आवाज वापरण्यासाठीही आहे, हे त्यास मालवणीत नीट समजावून विचारावे. खेळ व सादरीकरण ही त्या ठेव्याची केवळ एक प्रत समजावी.

चित्रकथीच्या पोथीतील एखादे पान फाटले तर कथेकरी ते पुन्हा रंगवू शकतो, कारण आख्यान त्याच्या मुखी असते. आमच्या पोथीतील आख्यान मात्र दुसऱ्याच्या मुखीचे आहे, आणि ते मुख एकदा मिटले की पान पुन्हा रंगविता येत नाही.