माथेरानमधील वाहनबंदी आणि पर्यटन

माथेरान हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात असलेले थंड हवेचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गिरिस्थानात मोटार वाहनांना प्रवेश नाही. रुग्णवाहिका व अग्निशमन दलाची वाहने यांचा या बंदीला अपवाद आहे. गावात पायी, घोड्यावरून किंवा नेरळहून येणाऱ्या छोट्या आगगाडीने जावे लागते. अलीकडच्या काळात त्यांत मर्यादित संख्येच्या ई-रिक्षांची भर पडली आहे. या शांततेमुळे माथेरान नवविवाहित दांपत्ये, ज्येष्ठ नागरिक आणि मुंबई-पुण्यातील सुट्टीकर यांचे आवडते विश्रांतिस्थान झाले आहे. मात्र इंजिनाने होणारे काम येथे दीर्घकाळ माणसांनी व घोड्यांनी केले. त्यामुळे वाहनबंदी हा पर्यावरणाबरोबरच श्रमाचा आणि उपजीविकेचाही प्रश्न ठरला आहे.

नाव व स्थान

‘माथ्यावरचे रान’ या अर्थाने माथेरान हे नाव पडले असे मानले जाते. हे ठिकाण सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या एका सपाट माथ्याच्या डोंगरावर वसले आहे. गिरिस्थान नगरपरिषदेचे क्षेत्र सुमारे ७ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४,४०० होती. माथ्यावर जांभा दगड व तांबडी माती आढळते. दाट सदाहरित व निमसदाहरित झाडीत जांभूळ, हिरडा, अंजनी आदी वृक्ष आहेत. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी येथे दिसतो, तर माकडांचा वावर बाजारपेठेपर्यंत असतो. डोंगराच्या उतारांवर व पायथ्याशी ठाकूर, कातकरी आणि धनगर समाजांच्या वस्त्या आहेत.

इतिहास

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून पाहिला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वसाहतीचा आरंभ या भेटीपासून मानला जातो. स्थानिक आदिवासी समाजांना हा माथा अर्थातच पूर्वीपासून परिचित होता. मॅलेट यांनी लवकरच येथे घर बांधले. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत रस्ते व बंगले यांची आखणी झाली. १८५६ साली लोहमार्ग नेरळपर्यंत पोहोचल्यावर मुंबईकरांना माथेरान जवळ आले. इंग्रजांबरोबरच पारशी, बोहरा व गुजराती व्यापारी कुटुंबांनी येथे बंगले व आरोग्यधामे उभारली. नेरळपासून वरचा प्रवास घोडा, डोली किंवा पायी होत असे.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ–माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. त्यासाठी लागलेले सुमारे १६ लाख रुपये त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी पुरवले. २२ मार्च १९०७ रोजी हा मार्ग खुला झाला. रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर म्हणजे दोन फूट आहे. दातेरी रुळाचा आधार न घेता, केवळ वळणांच्या साहाय्याने ही गाडी घाट चढते. तीव्र वळणांसाठी सुरुवातीला जर्मन बनावटीची, लवचीक आसांची वाफेची इंजिने वापरण्यात आली. पुढे डिझेल इंजिने आली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही वाटेवरील स्थानके होत.

स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा वीर भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते हुतात्मा झाले.

वाहनबंदीचे स्वरूप

नेरळहून निघणारा सुमारे ९ किलोमीटरचा घाटरस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो. खाजगी मोटारी व टॅक्सी येथेच थांबतात. पर्यटकांकडून नगरपरिषदेचा प्रवेश कर येथे घेतला जातो. येथून मुख्य बाजारपेठ सुमारे अडीच ते तीन किलोमीटर दूर आहे. नाक्यापासून जवळ असलेल्या अमन लॉज स्थानकातून माथेरान स्थानकापर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या होतात.

इंग्रजी अमलापासून चालत आलेल्या या प्रथेला पर्यावरणविषयक कायद्याचे बळ ४ फेब्रुवारी २००३ रोजी मिळाले. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान व भोवतालचा सुमारे २१४.७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’ म्हणून अधिसूचित केला. या क्षेत्राभोवती २०० मीटरचा संरक्षक पट्टाही ठरवण्यात आला. बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम व वाहतूक यांवरील निर्बंधांच्या पालनासाठी सनियंत्रण समितीची तरतूद आहे.

या बंदीचे परिणाम गावाच्या रचनेत स्पष्ट दिसतात. रस्ते अरुंद राहिले, त्यांवर झाडांची सावली टिकली, वाहनतळांसाठी माथ्यावर जागा मोकळी करावी लागली नाही. दुसरीकडे, धान्य, भाजीपाला, गॅसच्या टाक्या, बांधकामाचे साहित्य अशी प्रत्येक वस्तू गाडी, घोडा, हातगाडी किंवा हमालाच्या डोक्यावरून वर न्यावी लागते. येथील वस्तूंच्या व निवासाच्या किमतीत या वाहतुकीचा खर्च मिसळलेला असतो.

विश्रांती पर्यटन

महाराष्ट्रात विवाहानंतर नवदांपत्याने थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची, म्हणजे मधुचंद्राची, प्रथा विसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गात रुजली. महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा-खंडाळा आणि माथेरान ही तिची नेहमीची ठिकाणे होत. पुढे काश्मीर, उटी, मनाली आणि परदेशी सहलींचे मार्ग खुले झाल्यावरही मुंबई-पुण्याच्या दांपत्यांसाठी दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून माथेरानचे स्थान टिकून आहे.

इतर गिरिस्थानांत पर्यटक वाहनाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. माथेरानमध्ये दिवसाचा वेग पायांनी ठरतो. त्यामुळे येथे एका दिवसात सर्व ‘पॉइंट’ उरकण्यापेक्षा सकाळी एक आणि सायंकाळी एक अशी विभागणी सोयीची ठरते. उत्तरेकडील पॅनोरामा पॉइंट सूर्योदयासाठी, तर पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉइंट सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. लुईसा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. वन ट्री हिल, एको पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, रामबाग पॉइंट आणि गार्बट पॉइंट ही अन्य परिचित स्थळे आहेत. शार्लोट तलाव हा गावाच्या पाणीपुरवठ्याचा जुना स्रोत असून त्याच्याजवळ ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर आहे. बाजारात चिक्की, मध आणि चामडी चपला यांची विक्री होते.

ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा मुख्य हंगाम होय. जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी व दाट धुके असते. कड्यांवरील पायवाटा तेव्हा निसरड्या होतात व अनेक ‘पॉइंट’ ढगांनी झाकलेले असतात. तरी गर्दी कमी असल्याने काही दांपत्ये हाच काळ निवडतात. शनिवार-रविवार आणि दिवाळी, नाताळ यांसारख्या सुट्ट्यांत दस्तुरी नाक्यावर मोठी गर्दी होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी केलेल्या मुक्कामात या ठिकाणाची शांतता अधिक अनुभवास येते.

स्वित्झर्लंडमधील वाहनमुक्त गावांशी तुलना

मोटारींना बंदी असलेली डोंगरी गावे स्वित्झर्लंडमध्येही आहेत. व्हॅले प्रांतातील झरमॅट आणि बर्न प्रांतातील वेंगेन व म्युरेन ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. झरमॅट सुमारे १,६०० मीटर उंचीवर, मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी वसले आहे. पर्यटकांच्या मोटारी सुमारे ५ किलोमीटर अलीकडे टॅश येथे थांबतात व पुढचा प्रवास आगगाडीने होतो. या दृष्टीने टॅश व दस्तुरी नाका यांचे काम एकच आहे. झरमॅटला १८९१ मध्ये, तर माथेरानला १९०७ मध्ये लोहमार्ग मिळाला.

दोन्ही ठिकाणांतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. झरमॅटमध्ये इंधनावर चालणाऱ्या वाहनांना बंदी असली तरी मालवाहतूक, हॉटेलांची सेवा आणि स्थानिक प्रवासासाठी विजेवर चालणारी छोटी वाहने दीर्घकाळ वापरात आहेत. तेथील आगगाडी हे बारमाही व भरवशाचे साधन आहे. माथेरानमध्ये बंदी सर्वच मोटार वाहनांना होती आणि नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात थांबते. त्यामुळे एका ठिकाणी जे काम विजेने केले, ते दुसऱ्या ठिकाणी मनुष्यबळाने करावे लागले.

हातरिक्षा, घोडे आणि ई-रिक्षा

माथेरानची हातरिक्षा एक जण पुढून ओढत असे, तर चढावर दुसरे साथीदार मागून रेटत असत. वृद्ध, अपंग व आजारी व्यक्तींसाठी हे साधन आवश्यक मानले जाई; परंतु माणसाने माणसाला ओढण्याच्या या पद्धतीवर सातत्याने आक्षेप घेतला गेला. हातरिक्षा चालकांच्या संघटनेने स्वतःच ई-रिक्षांची मागणी लावून धरली. श्वसनाचे व सांध्यांचे विकार टाळता यावेत आणि उतारवयातही काम करता यावे, अशी त्यामागची भूमिका होती. दूरवर चालत शाळेत जाणारी मुले व ज्येष्ठ रहिवासी यांच्या सोयीचा मुद्दाही मांडण्यात आला.

या मागणीला घोडेवाल्यांचा विरोध होता. प्रवासी व सामान वाहून नेणाऱ्या घोड्यांवर अनेक कुटुंबांचा निर्वाह चालतो आणि ई-रिक्षांमुळे हा व्यवसाय संपेल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. काही पर्यावरणवाद्यांचा आक्षेप निराळा होता. एकदा एका प्रकारच्या वाहनाला परवानगी मिळाली की रस्ते रुंद करणे, पृष्ठभाग पक्का करणे व पुढे इतर वाहने येणे हे क्रमाने घडेल, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट घोड्यांच्या लिदीमुळे व टापांनी उडणाऱ्या तांबड्या धुळीमुळे होणाऱ्या त्रासाकडे ई-रिक्षांच्या समर्थकांनी लक्ष वेधले.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवण्यास परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या तूर्त २० पर्यंत मर्यादित ठेवून त्या मूळ हातरिक्षा चालकांनाच देण्याचा आग्रह धरला.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनीही अशी प्रथा चालू राहणे हे मानवी प्रतिष्ठेच्या आणि राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक न्यायाच्या वचनाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. सायकल रिक्षा चालकांसंबंधीच्या १९८० च्या ‘आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य’ या निकालाचा त्यात आधार घेण्यात आला. गुजरातमधील केवडिया येथील योजनेच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा खरेदी करून त्या हातरिक्षा चालकांना भाड्याने चालवण्यास द्याव्यात आणि निधीची उणीव हे कारण पुढे करू नये, असे निर्देश देण्यात आले.

रस्त्यांच्या पृष्ठभागाबाबत न्यायालयाने मधला मार्ग स्वीकारला. जमिनीची धूप रोखण्यासाठी दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास अनुमती मिळाली. अंतर्गत रस्ते व पायवाटा यांवर ते बसवण्यास मनाई करण्यात आली.

लोहमार्गाची स्थिती

वाहनबंदी यशस्वी होण्यासाठी छोट्या गाडीची नियमितता महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली आणि तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. डबे रुळांवरून घसरण्याच्या घटनांनंतर मे २०१६ मध्ये सेवा थांबवण्यात आली. ती पूर्ववत होते न होते तोच २०१९ च्या पावसाळ्यात रूळ पुन्हा वाहून गेले. दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळ–माथेरान सेवा पुन्हा चालू झाली. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवला जातो. अमन लॉज–माथेरान फेऱ्या शक्यतो चालू असतात.

पर्यटकांसाठी माहिती

मुंबई उपनगरी रेल्वेच्या कर्जत मार्गावरील नेरळ हे सर्वांत जवळचे मोठे स्थानक आहे. पुण्याहून येणाऱ्यांना कर्जत येथे गाडी बदलता येते. पूर्व विदर्भातून, उदाहरणार्थ भंडारा जिल्ह्यातील कोंढा व पवनी परिसरातून, येणाऱ्या प्रवाशांना भंडारा रोड स्थानकातून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने कल्याणला उतरून तेथून उपनगरी गाडीने नेरळ गाठता येते. विदर्भातील चिखलदरा हे गिरिस्थान त्यांना अधिक जवळ असले तरी तेथे वाहनबंदी नाही.

दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होत असल्याच्या तक्रारींवरून मार्च २०२५ मध्ये स्थानिकांनी बंद पाळला होता. त्यामुळे अमन लॉजहून सुटणाऱ्या गाडीच्या वेळा व घोड्यांचे अधिकृत दर आधी पाहून घेणे हिताचे ठरते. सामान मोजके असावे, पादत्राणे चालण्यास योग्य असावीत आणि कड्यांच्या कठड्यांपलीकडे जाऊ नये. माकडांना खाद्य देणे टाळावे. चालण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तींनी निवासस्थान निवडताना ते माथेरान स्थानकापासून किती दूर आहे याची चौकशी करावी.