एक आठवडा, एकच उतार

कोल्हापुरातून काश्मीरला जाणारी बहुतेक कुटुंबं मे महिन्यात जातात. मुलांना सुट्टी असते, टूर कंपन्यांच्या सहली ठरलेल्या असतात, आणि श्रीनगर, सोनमर्ग, पहलगाम, गुलमर्ग असं सगळं आठवड्याभरात उरकून मंडळी परततात. त्यात गुलमर्गच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट, गोंडोला म्हणजे केबल कारनं वर, फोटो आणि खाली. गुलमर्ग असं बघून होत नाही, हे मी आमच्या शाहूपुरीत भेटेल त्याला सांगत आलो आहे. तिथं ऐन हिवाळ्यात जावं, आठवडाभर एकाच ठिकाणी मुक्काम ठोकावा आणि रोज सकाळी त्याच उतारावर उभं राहून स्कीइंग शिकावं.

इतिहास थोडक्यात सांगतो. पायाला फळ्या बांधून बर्फावरून जाणं उत्तरेकडच्या लोकांना हजारो वर्षं ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र आल्प्सच्या तीव्र उतारांवर आलं, टाच फळीला पक्की बांधली गेली आणि त्यातून अल्पाइन स्कीइंग घडलं. १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२७ मध्ये, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्ये शैलजा कुमार उतरल्या. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२२ मध्ये बीजिंगला गेलेला आरिफ खान तर गुलमर्गच्याच परिसरातला. इतकं पुरे.

आता गुलमर्ग. उंची साधारण २६५० मीटर. इथल्या गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये, अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३९५० मीटरवर नेणारा. नवशिक्यानं मात्र या दोन्हींकडे पहिले तीन-चार दिवस ढुंकूनही बघू नये. त्याची शाळा खाली, मैदानाच्या कडेला असलेल्या सौम्य उतारांवर भरते. दोरीला धरून वर जायचं, घसरत खाली यायचं, परत दोरी धरायची. पाच-सहा वर्षांची काश्मिरी मुलं आपल्या बाजूनं सुसाट निघून जातात तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

कधी जायचं? काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या काळात डोंगरावर बर्फ आणून टाकतात, आणि ते आले नाहीत तर गुलमर्गही उघडं पडतं. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत आला तरी तिथं गवत दिसत होतं. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून माझी पसंती फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याला. तोवर बर्फाचा थर साचलेला असतो, दिवसही थोडा मोठा झालेला असतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढे, आणि बर्फाची खात्री कमी. मुलांची आठवडाभर शाळा बुडते, हे खरं. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर सहल पुढच्या वर्षावर टाकावी. एरवी बुडू द्यावी.

शिकायचं कुणाकडं, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे. पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे आणि तिचे वर्ग सोलंगच्या उतारांवर भरतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे वर्ग असतात. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला रोपवे थांबवावा लागला, हे ध्यानात ठेवून आखणी करावी. सरकारी वर्गांत शिस्त असते आणि खर्च आवाक्यात असतो, पण जागा मोजक्या. ते जमलं नाही तर गुलमर्गमध्ये दिवसाच्या बोलीवर प्रशिक्षक मिळतात. दोन तासांचा सौदा करू नये. एकच प्रशिक्षक सलग सगळे दिवस ठरवावा, म्हणजे काल तुमचं काय चुकलं हे त्याला आज माहीत असतं.

पहिली सकाळ बुटातच जाते. स्कीचा बूट प्लास्टिकचा, कडक, घोट्याला पुढं झुकवून धरणारा. थंडी वाजेल म्हणून लोक दोन-दोन मोजे घालतात आणि पाय बधिर करून घेतात, कारण मोजे दाटले की रक्त खेळत नाही. गुडघ्यापर्यंत येणारा एकच लोकरी मोजा घालावा. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलता कामा नये. मग बाइंडिंग, म्हणजे बुटाला फळीशी जोडणारी कळ. आधी तळव्याला चिकटलेलं बर्फ काठीनं खरवडून काढायचं, चवडा पुढच्या खोबणीत बसवायचा, टाच दाबायची. खट् असा आवाज आला की बसलं. त्या कळीवर एक छोटी आकड्यांची पट्टी असते. तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी बघून तो आकडा लावतात. पडताना ठराविक जोर आला की बूट सुटतो आणि गुडघा वाचतो. भाड्यानं साहित्य देणाऱ्यानं वजन न विचारता फळ्या हातात ठेवल्या, तर त्या परत कराव्यात आणि दुसरं दुकान गाठावं. पैसे घालवायचेच असतील तर ते हेल्मेट, गॉगल आणि चांगल्या हातमोज्यांवर घालवावेत.

दुसरी गोष्ट थांबण्याची. फळ्यांची टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकलेल्या, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. याला स्नोप्लाउ म्हणतात. उतार दिसला की माणूस भीतीनं मागं रेलतो, आणि मागं रेलला की फळ्या त्याचं ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली राहिली पाहिजे. एकदा मी दरीकडं बघत आखडून उभा असताना आमच्या प्रशिक्षकानं एवढंच सांगितलं, ‘‘जिथं जायचंय तिथं बघा, पायाकडं नको.’’ डावीकडं वळायचं तर भार उजव्या पायावर द्यायचा, हे डोक्याला पटायला वेळ लागतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी वळण आपोआप जमून जातं. चौघं-पाच जण एका ओळीत हळूहळू वळत खाली येतात, त्यात आजोबा असतात, नातही असते. हे अर्ध्या दिवसाच्या पाहुण्याला कधीच मिळत नाही, म्हणून तर माझा आठवड्याचा हट्ट.

धोक्याचंही बोलायला हवं. अफरवाटचे वरचे उतार आल्प्सच्या रिसॉर्टसारखे सगळीकडं यंत्रानं दाबून सारखे केलेले नसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. ताजं बर्फ पडल्यावर स्थानिक लोक वर जाऊ नका म्हणाले, तर तो शेवटचा शब्द समजावा. आणि एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ते आहे, असणारच. सरकारी सूचना पाहून, रद्द करता येईल असंच बुकिंग करावं.

युरोपातच जायचं असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. फ्रान्स-ऑस्ट्रियात उतारांवर रंगांचे फलक असतात. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याहून सोपा हिरवाही असतो. तिकडं गेलेल्या कोल्हापूरकरानं एक दिवस इटलीतल्या फ्लॉरेन्ससाठी जरूर काढावा. ज्यांच्या नावानं आपलं राजाराम कॉलेज आहे ते छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना तिथं वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथं उभी राहिलेली छत्री मेजर मँट यांनी आरेखली, आणि आपल्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकारही तेच. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर ‘पोंते अल इंदियानो’ म्हणतात, भारतीयाचा पूल. परक्या गावानं दीडशे वर्षं जपलेली ही जागा पाहताना माझा ऊर भरून आला होता.

परत गुलमर्गकडं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, त्यामुळे शाहूपुरीतल्या आपल्या स्टेशनातून निघून श्रीनगरपर्यंत रुळांवरूनच जाता येतं. आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या निजामुद्दीन गाडीनं दिल्ली, तिथून कटरा, पुढं नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच असलेल्या चिनाब पुलावरून श्रीनगर. वेळ लागतो, पण हिवाळ्यात धुक्यानं आणि बर्फानं विमानं अडकतात त्यापेक्षा हा मार्ग मला भरवशाचा वाटतो. श्रीनगरला एक रात्र काढावीच. पहाटे आली कदलच्या बाजूला हरीसा मिळतो. रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटलेलं मटण, वर कडकडीत तेल, सोबत तंदूरमधली रोटी. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेलाही तो लगेच पटतो, आणि त्या थंडीत दुपारपर्यंत भूक लागत नाही. पुढं तंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर.

तयारी मात्र इथूनच सुरू होते. स्कीइंगमध्ये मांड्या आणि गुडघे भरून येतात, आणि त्यावरचा उपाय आपल्या प्रत्येक पेठेतल्या तालमीत आहे. भाऊबीजेनंतर रोज सकाळी बैठका घालायला लागावं. आधी वीस, मग हळूहळू शंभर. वस्तादांना सांगून गुडघा पुढं येऊ न देता बसायला शिकून घ्यावं. डिसेंबरात घरातल्या सगळ्यांनी मिळून पन्हाळ्याचा चढ दोन-तीनदा चढून-उतरून यावा, उतरताना सावकाश. तोवर गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढलेली आणि प्रशिक्षणाचा अर्ज भरलेला असला, म्हणजे मग फक्त बर्फ पडण्याची वाट बघायची.