मद्यपानाच्या पायऱ्या

(नभोवाणीवरील भाषण)

मद्यपानाचा विषय निघाला म्हणजे मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो गडकऱ्यांचा सुधाकर. ‘एकच प्याला’ हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. परंतु तळीरामानें पुढें केलेला तो पेला आपण अद्याप विसरलेलों नाहीं. नाटकाचें सामर्थ्य मोठें खरें. पण त्यापासून आपण एक चुकीचा धडाही घेतला आहे, असें मला वाटतें. तो असा कीं, पिणाऱ्यांत दोनच जाती आहेत: एक कधीं न झिंगणारे सभ्य गृहस्थ, आणि दुसरे संसाराची राखरांगोळी करणारे दारुडे. या दोहोंच्या मध्यें एक लांबलचक जिना आहे. त्याच्या पायऱ्या आपणांस दाखवाव्या, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम मापाविषयीं दोन शब्द. ‘मी दोनच पेग घेतों’, ‘मी बिअरची एकच बाटली घेतों’, या बोलण्यावरून कांहींच कळत नाहीं. मोजावयाचा असतो तो पेयांतील शुद्ध मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलींत सुमारें १० ग्रॅम मद्यार्काचें एक माप धरलें आहे. आपल्याकडील व्हिस्की किंवा रम यांत सामान्यतः शेंकडा ४२.८ मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरचा लहान पेग हें एक माप झालें. आतां शेंकडा ८ मद्यार्काची, ६५० मिलिलिटरची कडक बिअरची बाटली घ्या. तींत ५२ मिलिलिटर, म्हणजे वजनानें सुमारें ४१ ग्रॅम मद्यार्क भरतो. चार लहान पेग झाले! ‘बिअर म्हणजे कांहीं दारू नव्हे’ असें म्हणणारानें हें त्रैराशिक एकदां अवश्य मांडून पाहावें.

आतां पायऱ्या पाहूं. पहिली न पिणारांची. दुसरी क्वचित् आणि थोडें घेणारांची. हिच्यावर धोका कमी, पण अजीबात नाहीं असें नव्हे. मद्य कर्करोगास कारण होतें, आणि त्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे.

तिसरी पायरी धोक्याच्या मद्यपानाची. येथें नुकसान अद्याप झालेलें नसतें. परंतु पिण्याची रीत अशी असते कीं, तें आज ना उद्यां व्हावें. आठवडाभर पेल्यास हात न लावतां शनिवारीं रात्रीं सहा-सात पेग घेणारा, किंवा पिऊन मोटार हांकणारा, या पायरीवर उभा असतो. चौथी पायरी अपायकारक मद्यपानाची. येथें नुकसान सुरू झालेलें असतें: यकृतास सूज, वाढलेला रक्तदाब, बिघडलेली झोंप, घरांतील नित्याची कटकट. तरीही हा मनुष्य कदाचित् रोज पीत नसतो, आणि त्यामुळें त्याची शंका कोणास येत नाहीं.

पांचवी पायरी अवलंबनाची. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या डॉक्टरांनीं १९७६ सालीं तिचीं लक्षणें नेमकीं मांडलीं. पिण्याची अनावर ओढ लागते; आरंभ केला कीं थांबणें हातीं राहत नाहीं; पूर्वीच्या मात्रेनें भागत नाहीं; आणि मद्य मिळालें नाहीं तर हात कांपतात, घाम सुटतो. ‘त्याला कितीही घेतली तरी चढत नाहीं’ हें वाक्य आपण कौतुकानें बोलतों. वास्तविक तें भयसूचक आहे.

आपल्या देशांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीचा अंदाज असा: मद्य घेणारे सुमारें १६ कोटी; त्यांपैकीं अपायकारक मद्यपान किंवा अवलंबन असलेले सुमारें ५ कोटी ७० लाख; आणि यांतील अवलंबनापर्यंत गेलेले सुमारें २ कोटी ९० लाख. म्हणजे मद्यानें ज्यांचें नुकसान चालविलें आहे, त्यांतील जवळजवळ निम्मे शेवटच्या पायरीवर पोंचलेलेच नाहींत. परतणें सोपें असतें तें येथूनच. आणि नेमके येथेंच आपण म्हणतों, ‘तो कांहीं दारुडा नाहीं.’

माझ्याबरोबर गणिताचे एक शिक्षक होते. त्यांचा तास कधीं चुकला नाहीं, पाय कधीं अडखळला नाहीं. फक्त पहिल्या तासाला त्यांनीं फळ्यावर काढलेलें वर्तुळ वांकडें येई. मधल्या सुटींत ते घरीं जाऊन येत, आणि मग तेंच वर्तुळ सुबक येई. शिक्षकांच्या खोलींत आम्ही यावर हंसत असूं. एके दिवशीं त्यांच्या पत्नीनें डोळ्यांत पाणी आणून माझ्याजवळ गोष्ट काढली. मीं वडीलकीच्या नात्यानें त्यांना म्हटलें, ‘अहो, मनाचा निश्चय हवा. उद्यांपासून एक थेंबही नको.’

त्या सज्जनानें माझा शब्द मानला. शनिवारीं रात्रीं शेवटचा पेला घेतला. रविवारीं दिवसभर घाम आणि थरकांप. सोमवारीं पहांटे आंकडी आली. दवाखान्यांत दोन दिवस त्यांना भिंतीवर किडे चालतांना दिसत होते. डॉक्टर मला म्हणाले, ‘मास्तर, तुमचा हेतु चांगला, पण या पायरीवरील माणसाची दारू घरच्या घरीं एकाएकीं तोडली, तर तें जिवावर बेततें.’ कारण त्यांनीं समजावून दिलें. रोजच्या मद्यानें मेंदू दबलेला असतो. तो दाब सोसून काम चालावें म्हणून मेंदू स्वतःस अधिक उत्तेजित ठेवावयास शिकतो. दाब अकस्मात् निघाला कीं, ती उत्तेजना मोकाट सुटते. औषधें देऊन, डॉक्टरांच्या नजरेखालीं, कांहीं दिवसांत ती शांत करतां येते. आमचे शिक्षक वांचले आणि पुढें मद्याशिवाय अकरा वर्षें जगले. परंतु त्यांच्या आजारास त्यांच्या दुर्बळपणापेक्षां माझें अज्ञान अधिक घातक ठरलें होतें, हें मी विसरूं शकत नाहीं.

तेव्हां पायरी ओळखावी कशी? अमेरिकेंतील डॉ. जॉन ईविंग यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेले चार प्रश्न कोणासही स्वतःला विचारतां येतील. पिणें कमी करावें असें कधीं वाटलें काय? लोकांनीं त्यावरून टोंकल्यास राग आला काय? पिण्याबद्दल अपराधी वाटलें काय? सकाळीं उठल्याबरोबर, हात स्थिर व्हावे म्हणून, घ्यावी लागली काय? दोन प्रश्नांस ‘होय’ असें उत्तर आलें, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करूं नये. चौथ्यास ‘होय’ असेल, तर स्वतःच्या मनानें एकदम सोडूंही नये.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवरील पुष्कळांस डॉक्टरांचा थोडक्यांत पण स्पष्ट सल्ला आणि आपल्या पिण्याची प्रामाणिक टिपणवही यांचा उपयोग होतो. पांचवीवरील मनुष्यास उपचार आणि नंतर दीर्घ सोबत लागते. १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा, किंवा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यांत सुरू केलेलें मुक्तांगण, हीं अशा सोबतीचीं ठिकाणें होत.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मनुष्याविषयीं ‘हा दारुडा आहे काय?’ असा प्रश्न पडला, तर तो बाजूस ठेवावा. त्याचें उत्तर बहुधा ‘नाहीं’ असें येतें, आणि त्या उत्तरावर वर्षें निघून जातात. ‘हा कोणत्या पायरीवर आहे?’ असें विचारावें, आणि तें शांत मनानें, तो शुद्धीवर असतां, त्याच्याशींच बोलावें. माझ्या सोबत्याशीं हें बोलणें मीं फार आधीं करावयास हवें होतें.