माजी सैनिकांच्या मनाची जखम : ओळख आणि उपचार

फौजेत पिढ्यान्‌पिढ्या माणसे देणारी गावे पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेले आहे. १९७१चे युद्ध, १९८७ ते १९९० या काळातील श्रीलंकेतील शांतिसेना, १९९९चे कारगिल यांतून परतलेले जवान आज अशा गावांत वडील, आजोबा म्हणून वावरत आहेत. हातापायाला लागलेली गोळी सर्वांना दिसते. मनाला बसलेला मार मात्र दिसत नाही आणि दिसलाच, तर त्याला तापट स्वभाव, दारूचे व्यसन किंवा बाहेरची बाधा अशी नावे मिळतात.

आजार कोणता?

पहिल्या महायुद्धात या विकाराला 'शेल शॉक' म्हणत. त्या काळी तो भित्रेपणाही समजला जाई. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्यात गोळ्या घालण्यात आलेल्या ३०६ जवानांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतील काही जण याच विकाराचे रुग्ण असावेत, असे आज मानले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव दिले. मराठीत आपण त्यास आघातोत्तर ताणविकार म्हणू.

जिवावरचा प्रसंग आला की मेंदू शरीराला सावध करतो. छाती धडधडते, स्नायू ताठरतात. प्रसंग टळल्यावर हे सारे निवळायला हवे. या विकारात ते निवळत नाही. धोका सरून वर्षे लोटली तरी शरीर मोर्चावरच असते. युद्ध पाहिलेल्या प्रत्येकाला हा विकार होतो असे मात्र नाही. बहुसंख्य जवान काही काळाने सावरतात.

लक्षणे

१) तोच प्रसंग पुन्हा पुन्हा स्वप्नात येणे, जागेपणीही डोळ्यांपुढे उभा राहणे.
२) त्याची आठवण करून देणारी माणसे, ठिकाणे, बातम्या टाळणे.
३) घरच्यांविषयी आपुलकी न वाटणे, मेलेल्या साथीदारांबाबत अपराधी वाटणे.
४) झोप न लागणे, लग्नातल्या फटाक्यांनी दचकणे, एकाएकी संताप येणे.

ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या व्यवहारात अडथळा येऊ लागला, तर तपासणी करून घ्यावी. काहींना हा त्रास निवृत्तीनंतर, हाताला काम उरले नाही की जाणवू लागतो.

निदान का चुकते?

फौजी माणूस सहसा 'मला भीती वाटते' असे सांगत नाही. तो डॉक्टरांकडे जातो ते डोकेदुखी, पित्त किंवा निद्रानाश घेऊन, आणि झोपेची गोळी घेऊन परततो. मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून घरच्या कोणीतरी सोबत जावे आणि 'हे फौजेत होते, लढाईत होते' एवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे. या विकाराचे निदान रक्ततपासणीत किंवा एक्स-रेत होत नाही. ते मनोविकारतज्ज्ञ सविस्तर विचारपूस करूनच करतात.

उपचार

तज्ज्ञांच्या मदतीने त्या आठवणींना हळूहळू सामोरे जाणे, हा मुख्य उपचार होय. त्यासाठी आठवड्याला एक याप्रमाणे काही महिने बैठका घ्याव्या लागतात. गरजेनुसार सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरील औषधे दिली जातात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा ती मनाने बंद करू नयेत. दारूने झोप लागल्यासारखे वाटते, पण विकार बळावतो.

कोठे जावे?

'ईसीएचएस' कार्ड असलेल्या निवृत्तिवेतनधारकांनी जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथून तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते. कार्ड नसल्यास सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात दाखवावे. कागदपत्रांच्या अडचणींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन चौकशी करावी. आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असे ठरल्यास अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो, म्हणून उपचारांचे सर्व कागद जपून ठेवावेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते.

घरच्यांसाठी

'विसरून जा आता' असे म्हणू नये आणि खोदून खोदून विचारूही नये. झोपेत ओरडत असल्यास हलवून उठवू नये, थोडे दूर उभे राहून नावाने हाक मारावी. 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलणे कानी आल्यास ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे ठेवू नये व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सुरक्षारक्षकाच्या नोकरीमुळे किंवा परवान्यावर पुष्कळ माजी सैनिकांच्या घरी बंदूक असते. अशा वेळी ती आणि काडतुसे त्याच्या हाती लागणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. पोलीस ठाण्यात जमा करणे उत्तम.

युद्धातील तुटलेल्या हाडावर प्लॅस्टर घालताना कोणी लाजत नाही. या जखमेच्या उपचारांतही लाजण्यासारखे काही नाही.