गाळातलं गंधक, खाणीतलं आम्ल

ओहोटीच्या वेळी अलिबागजवळच्या धरमतर खाडीच्या काठाला तिवरांच्या मुळांपाशी फावडं घालून बघा. वरचा बोटभर थर तपकिरी निघतो आणि त्याखाली एकदम काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ लागतो. वास कुजक्या अंड्यांचा. तो गोळा काठावर टाकून ठेवला, की थोड्या वेळात कडेकडेने करडा पडू लागतो आणि पुढे तपकिरी होतो. काळा रंग असतो लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा. हवा लागली की हे संयुग मोडतं. जगभरच्या बंद-चालू खाणींतून आम्लाचं पाणी वाहतं, त्यामागचं रसायन हेच आहे. फरक एवढाच, की खाडीत ते दबून राहतं आणि खाणीत मोकळं सुटतं.

अलिबाग तालुक्यात कोळशाची वा तांब्याची खाण नाही. तरीही हा विषय आपल्या पायाखालचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. तिवरांच्या गळलेल्या पानांनी भरलेल्या गाळात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी हे सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नदीने सह्याद्रीतून आणलेलं लोह त्याला भेटतं. आधी काळं लोह सल्फाइड बनतं आणि सावकाश त्याचंच पायराइट होतं. पायराइटच्या एका रेणूत लोहाचा एक आणि गंधकाचे दोन अणू. पिवळ्या चकाकीमुळे सोन्याचा भास करून देणारं हे खनिज दगडी कोळशाच्या थरांत असतं, तांब्या-जस्ताच्या खनिजांसोबत असतं आणि खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीतल्या, गाळातही असतं.

पाण्याखाली आणि मातीखाली पायराइट कोट्यवधी वर्षं स्वस्थ पडून राहतं. खाण खोदली की त्याचे तुकडे होतात, पृष्ठभाग वाढतो, हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही पोचतात. मग गंधकाचं गंधकाम्ल होतं आणि लोह विरघळून पाण्यात उतरतं. हे नुसतं हवेवर सोडलं असतं तर फार धिम्या गतीने झालं असतं. पण 1947 साली अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या पाण्यात संशोधकांना एक जिवाणू सापडला. त्याचं आजचं नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. विरघळलेल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून तो जगतो, आणि ही पायरी तो काही लाख पटींनी वेगवान करतो. असं तयार झालेलं फेरिक लोह पुन्हा पायराइटवरच तुटून पडतं आणि आणखी आम्ल मोकळं करतं. चक्र एकदा फिरू लागलं, की त्याला आतल्या आतच इंधन मिळत राहतं. म्हणून या समस्येत सुरुवातीचा एक रुपया वाचवला की पुढच्या पिढ्यांना त्याचे शंभर मोजावे लागतात, असं मला ठामपणे वाटतं.

आम्ल एकटं वाहत नाही. सामू, म्हणजे पीएच, सातवरून तीनवर आला तर आम्लता दहा हजार पटींनी वाढलेली असते. असं पाणी दगडातलं तांबं, जस्त, मँगनीज, ॲल्युमिनियम, कधी आर्सेनिकसुद्धा विरघळवून सोबत नेतं. पुढे ओढ्यात पाणी सौम्य झालं की लोह नारिंगी चिखल होऊन तळाला बसतं. माशांची अंडी, किडे, शेवाळ सगळं त्याखाली गाडलं जातं.

आपल्याकडचं चित्र सगळीकडे सारखं नाही, हे समजून घ्यायला हवं. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातला गोंडवाना कोळसा कमी गंधकाचा, सहसा एक टक्क्याच्या आतला. तिथल्या खाणींचं पाणी बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी नसतं. वेस्टर्न कोलफील्ड्सने नागपूरजवळच्या पाटणसावंगीत खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीतही भरलं. मेघालयात जयंतिया टेकड्यांमधला कोळसा मात्र वयाने तरुण आणि गंधकाने भरलेला. तिथल्या बिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने 2014 साली बंदी घातली. लुखा नदीचं पाणी हिवाळ्यात निळं पडतं, ही तिथली जुनी तक्रार आहे. गोव्यातलं आणि रेडीचं लोहखनिज म्हणजे मुख्यतः हेमेटाइट, आधीच ऑक्सिडीकरण झालेलं. त्यामुळे तिथे आम्लापेक्षा लाल गाळाने शेतं आणि ओहोळ भरतात. दुखणं तेही मोठंच, पण त्याचा इलाज निराळा.

मराठी मुलखाला अगदी चिकटून असलेलं खरं उदाहरण गोंदियाच्या शेजारचं आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंड इथे हिंदुस्तान कॉपरची मोठी उघडी तांब्याची खाण 1982 साली सुरू झाली. तिथलं तांबं चाल्कोपायराइटमध्ये, सोबत पायराइट, आणि आजूबाजूचा दगड गारगोटीचा आणि ग्रॅनाइटचा. या दगडात आम्ल मारणारा चुना जवळजवळ नाही. त्यामुळे दगडांच्या ढिगाऱ्यांतून पाझरणारं पाणी आम्लधर्मी आणि धातूयुक्त असल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे.

कोकणातल्या माणसाने यात जास्त लक्ष द्यावं असं एक प्रकरण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं आहे, कारण तिथेही शेवट खाडीतच झाला. व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 साली बंद झाली आणि पंप थांबवण्यात आले. खाण चालू असते तेव्हा पंप पाणी उपसून बोगदे कोरडे ठेवतात. कोरड्या भिंतींवर पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन आम्लक्षारांचे थर जमत जातात. पंप बंद झाल्यावर पाणी चढत गेलं, ते सगळे थर त्यात विरघळले. जानेवारी 1992 मध्ये कोट्यवधी लिटर पाणी एका जुन्या बोगद्याच्या तोंडातून फुटून बाहेर आलं आणि कार्नन नदीतून थेट फाल खाडीत उतरलं. खाडी नारिंगी झाली. त्यानंतर उभारलेला शुद्धीकरण प्रकल्प अनेक वर्षं चालवावा लागला आहे. कॅलिफोर्नियातली आयर्न माउंटन खाण 1963 मध्ये बंद पडली. तिच्या बोगद्यात उणे 3.6 इतका सामू मोजला गेला आणि तिथल्या पाण्यावर चुन्याचा उपचार आजही थांबवता येत नाही.

चुना हाच सगळ्यात जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आम्लाच्या पाण्यात कालवलेला चुना मिसळून सामू साधारण नऊपर्यंत चढवला की लोह, तांबं, जस्त यांचे हायड्रॉक्साइड साकळून तळाला बसतात. पाणी निवळतं, पण मागे राहतो धातूंचा गाळ, आणि तो पुन्हा आम्लाला लागणार नाही अशा जागी कायम सांभाळावा लागतो. चुनखडीचे दगड स्वस्त असतात, पण उघड्या चरात टाकले तर थोड्याच काळात त्यांच्यावर लोहाचं कवच चढतं आणि ते निकामी होतात. म्हणून चर झाकून, हवा तोडून, चुनखडीवरून पाणी नेतात. हवा नसली की लोह विरघळलेलंच राहतं, कवच धरत नाही. पुढे उघड्या तळ्यात ते आपोआप खाली बसतं.

त्याच्याही पुढची युक्ती थेट आपल्या खाजणातली आहे. शेणखत, भुसा, पेंढा घातलेली पाणथळ जागा तयार करून त्यातून खाणीचं पाणी मुरवतात. तळाच्या हवाबंद थरात तेच सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागतात. सल्फेटचं पुन्हा सल्फाइड होतं, तांबं-जस्त सल्फाइड होऊन गाळात अडकतं आणि पाण्यातली आम्लता घटते. खाणीने जे उलगडलं ते गाळ पुन्हा गुंडाळतो. मात्र या पाणथळींना जागा फार लागते, त्या सावकाश काम करतात आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांत वर्षभराचं पाणी ओततो. जुलैतल्या एका रात्रीच्या पुराचा हिशेब न धरता बांधलेली पाणथळ पहिल्याच पावसात वाहून जाईल. मोठ्या खाणीला पाणथळीवर भागवू द्यावं, हे मला मान्य नाही. तिथे चुन्याचा प्रकल्प हवाच.

सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे आम्ल तयारच होऊ न देणं. खोदण्याआधी दगडाचे नमुने तपासून त्यातून आम्ल किती होईल आणि ते मारणारा चुना किती आहे, हा ताळेबंद मांडता येतो. पायराइटचा दगड वेगळा काढून चिकणमातीखाली दाबता येतो किंवा जुन्या खड्ड्यात टाकून कायमचा पाण्याखाली ठेवता येतो. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. पाण्याचा थर हाच सगळ्यात भरवशाचा पहारा.

आणि हा पहारा हटला तर काय, इथेच खारेपाटाचा, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या शेतीचा, प्रश्न सुरू होतो. आपल्या खारजमिनीचं मुख्य दुखणं मिठाचं. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नादुरुस्त झाली, की खारं पाणी भाताच्या शेतात घुसतं आणि काही वर्षं पीक हातचं जातं. केरळच्या कुट्टनाडमध्ये मात्र हाच गाळ कोरडा पडला की आम्ल सोडतो आणि शेतकऱ्यांना चुना टाकून, पाणी राखून भात घ्यावं लागतं. बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि गाळातल्या शिंपल्या यांचा आपल्याला काही आधार असावा. पण तो प्रत्येक खाजणात सारखाच असेल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. जिताड्यासाठी किंवा कोळंबीसाठी जुन्या तिवरांच्या जागी तळं खोदलं आणि निघालेला काळा गाळ बांधावर उन्हात टाकला, तर पहिल्या पावसात बांधावरून उतरणारं पाणी तळ्यातली मासळी मारू शकतं. आग्नेय आशियातल्या कोळंबीतळ्यांमध्ये हे घडून गेलं आहे.

तपासणी सोपी आहे. खोदण्याआधी जमिनीखालचा ओला काळा गाळ मूठभर घ्या, सामू मोजा. मग तो पातळ थरात, सावलीत, ओलसर पण हवेशीर ठेवून आठ आठवडे थांबा आणि पुन्हा सामू मोजा. तो चारच्या खाली उतरला, तर तो गाळ उघडा करू नका, तळं दुसरीकडे घ्या. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. शंका असेल तर नमुना घेऊन तिथे जा. आणि उद्या आपल्या जिल्ह्यात कुठल्याही खाणीची जनसुनावणी लागली, तर दोन प्रश्न लेखी विचारा: दगडात गंधक किती, आणि खाण बंद झाल्यावर चुन्याचा खर्च कोण, किती वर्षं करणार.