दोन दिवसांचा निकाल

नागपुरात ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, त्या १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास औषधांच्या दुकानांपुढे सकाळपासून जी गर्दी लोटते, तिच्या दशांशानेही गर्दी त्याच भागातील एका खासगी जंतुपरीक्षण प्रयोगशाळेत मला आढळली नाही; आणि हे स्वाभाविकच होते, कारण दुकानात गोळी तत्काळ मिळते, येथे निकालास दोन दिवस लागतात.

लघवीचा नमुना आला की तंत्रज्ञ बाई तो तारेच्या कडीने पोषक थाळीवर रेखाटतात आणि थाळी रात्रभर ३७ अंशांच्या उष्णपेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी उगवलेल्या गुलाबी वसाहतींपैकी चार-पाच मिठाच्या पाण्यात कालवून, त्या पाण्याचा गढूळपणा प्रमाणनळीशी, मागे काळ्या रेघांचे कार्ड धरून, सोनाराने गुंज तोलावी तशा दक्षतेने त्या ताडून पाहतात. मग कापसाच्या बोळ्याने नव्या थाळीचे पृष्ठ तीन दिशांनी सारवायचे आणि प्रतिजैविके जिरवलेल्या, सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी टिकल्या चिमट्याने त्यावर मांडायच्या. बावर, कर्बी प्रभृतींनी १९६६ साली मुकरर केलेली ही रीत, यंत्रांचा सुकाळ होऊनही, अद्याप अमलात आहे.

मी गेलो तेव्हा आदल्या दिवशीची थाळी काळ्या पृष्ठावर धरून बाई मोजपट्टी लावीत होत्या. नायट्रोफ्युरँटॉइनच्या टिकलीभोवती १९ मिलिमीटरचे निर्मळ वर्तुळ होते. सतरा भरले तरी औषध लागू पडेल असे मानतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या टिकलीला मात्र जंतू बेधडक भिडले होते. मनाने घेतलेल्या, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना रान मोकळे होते, त्याचीच ही रुजुवात. मी काही विचारण्यापूर्वीच बाई म्हणाल्या, “हे तरी उगवलं. चार गोळ्या खाऊन येते न पेशंट, मंग आमच्या प्लेटवर काहीच उगवत नाही.”

सरकारने आपल्यापरीने तजवीज केलेली आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ लागू असून सेफिक्झिमसारखे औषध विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत उतरवून ती तीन वर्षे जपणे दुकानदारास बंधनकारक आहे. पण साध्या पडशासाठी, जे विषाणूंमुळे होते व ज्याच्यावर प्रतिजैविक मुळीच चालत नाही, गिऱ्हाईकच गोळीचा हट्ट धरते, तेथे वही काय करील?

ज्याचे दुखणे दोन दिवस थांबण्याजोगे नसेल, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध खुशाल सुरू करावे. नमुना मात्र पहिल्या गोळीच्या आधी द्यावा.